सिलॅबसातली एक ओळ

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहायला बसले आहे, आणि तेही दुसरं काहीतरी लिहून होत नाहीये म्हणून! सोमवारी नवं सत्र सुरू होतंय, शुक्रवारपर्यंत सिलॅबस द्यायचा आहे, आणि गेले तीन दिवस मी त्यातल्या एका ओळीपाशी अडून बसले आहे. काल धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "एका ओळीला तीन दिवस? ताई, तू शिकवतेस की राज्यघटना लिहितेस?"

घरच्या मंडळींसाठी थोडा खुलासा. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे अमेरिकेत सिलॅबस म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला करारच असतो. माझा आठ पानांचा आहे. उशिरा दिलेल्या गृहपाठाचे किती मार्क कापणार, आजारी पडलात तर काय, परीक्षेला फोन कुठे ठेवायचा, सगळं त्यात. मी २००४ पासून ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं, कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांचं कॉलेज) स्टॅटिस्टिक्स शिकवते. अठरा-एकोणीस वर्षं हा सिलॅबस मी तारखा बदलून तसाच वापरला. जानेवारी २०२३ पासून मात्र त्यातली एक ओळ दर सत्राला बदलते आहे. विद्यार्थ्यांनी एआय वापरायचं की नाही, ती ओळ.

पहिली आवृत्ती कडक होती: कोणत्याही कामात एआयचा कोणताही वापर ही लबाडी समजली जाईल. पुढची जरा मवाळ झाली (का, ते पुढे सांगते). २०२४ मध्ये लिहिलं, वापरा, पण कुठे वापरलं ते सांगा. २०२५ मध्ये ओळीचं अर्धं पान झालं, त्यात तक्ता आला, आणि तो कुणी वाचला नाही. आता पुन्हा पाटी कोरी. मग, काम टाळायचा माझा जुना उपाय केला. इतिहास वाचत बसले.

सुरुवात आमच्या घरापासूनच करते. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांची स्लाइड रूल लाकडी पेटीत कपाटात असायची, तिला हात लावायची परवानगी नव्हती. शाळेत आम्हाला लॉग टेबल. १९८५ च्या सुमाराला मस्कतहून काका आले आणि त्यांनी मला कॅसिओ दिला. त्या रात्री गणिताचा गृहपाठ मी दहा मिनिटांत संपवला. दुसऱ्या दिवशी सरांनी वही बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "चार आकडी टेबलातून सात आकडे आले कुठून गं?" अख्खा वर्ग हसला. मग फळ्यापाशी उभं राहून दहा गणितं लॉग टेबलाने करून दाखवावी लागली. दहाही बरोबर आली. सर म्हणाले, "येतंय की तुला! मग कशाला?" बस, एवढंच. घरी चिठ्ठी नाही, काही नाही.

आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरवर एक सूचना असते: लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. शाळेत असताना मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं, लॉग टेबल हे तरी काय आहे? दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली आकडेमोड! स्कॉटलंडच्या नेपिअरने सुमारे वीस वर्षं खपून १६१४ मध्ये लॉगरिथम छापले. मग ब्रिग्जने १० या पायावर तीस हजार आकड्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून १६२४ मध्ये पुस्तक काढलं. त्या माणसांनी आयुष्य घातलं म्हणून सांगलीतल्या पोरांना तीन ओळींत घनमूळ काढता आलं. म्हणजे 'परीक्षेत बाहेरची मदत नको' असं बोर्ड म्हणतच नाही. कुठली मदत ही मदत आहे हे आपण विसरून गेलोय, एवढाच फरक.

आणि या भांडणाचं मूळ शोधायला गेले तर ते बाबांच्या त्या लाकडी पेटीतच निघालं. स्लाइड रूलचा शोध लावणारा विल्यम ऑट्रेड हा इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या ऑल्बरी गावचा पाद्री. गुणाकाराची × ही खूण छापली गेली तीसुद्धा याच्याच १६३१ च्या पुस्तकात. लांबून लांबून मुलं त्याच्याकडे शिकायला यायची, आणि तो पैसे घ्यायचा नाही. गंमत अशी की गोल स्लाइड रूल त्याने तयार करून ठेवली होती, पण विद्यार्थ्यांना तो ती दाखवतच नव्हता. फॉर्स्टर नावाच्या शिष्याने खोदून विचारलं तेव्हा कुठे ती बाहेर आली, आणि १६३२ मध्ये फॉर्स्टरनेच त्याबद्दलचं पुस्तक छापलं. इतकी वर्षं लपवली का? ऑट्रेडचं म्हणणं असं की विद्येची सुरुवात उपकरणापासून करू नये. आधी शास्त्र समजू दे, मग उपकरण हातात द्या. उलटं केलंत तर विद्यार्थी तयार होत नाहीत, हातचलाखीचे खेळ करणारे तयार होतात.

याला उत्तर देणारा भेटला रिचर्ड डेलामेन. हा ऑट्रेडच्याच ओळखीतला, त्याच्याकडून शिकलेला, लंडनमध्ये गणिताच्या शिकवण्या घेणारा. पहिल्या चार्ल्स राजालाही हा गणित शिकवायचा. त्याने १६३० मध्येच तसल्याच उपकरणावर पुस्तिका काढली होती. मग शोध कुणाचा यावरून दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. (ऑट्रेडच्या बाजूची चोरीची फिर्याद वाचताना कुठल्याही कॉलेजातली हल्लीची मीटिंग आठवते.) पण त्या चिखलफेकीत डेलामेनने एक मुद्दा मांडला तो मला आजही खोडता येत नाही. सगळ्यांनाच शास्त्राच्या मुळापर्यंत जायला वेळ आणि ऐपत नसते, त्यांना उपयोगापुरतं शिकवलं तर त्यात कमीपणा कसला?

माझ्या वर्गात नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुली असतात, गोदामात रात्रपाळी करणारे बाप असतात. त्यांना स्टॅटिस्टिक्सचा एकच कोर्स पास व्हायचा आहे. दिवसा मी ऑट्रेड असते, आणि त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून संध्याकाळपर्यंत माझी डेलामेन होते.

यानंतरची साडेतीनशे वर्षं मी एका उडीत ओलांडते, कारण कॅल्क्युलेटर येईपर्यंत स्लाइड रूल हळूहळू प्रत्येक इंजिनिअरच्या खिशात जाऊन बसली आणि तिच्यावरून भांडायचं कुणाला सुचलं नाही.

१९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ आला. किंमत ३९५ डॉलर. म्हणजे तो वर्गात यायची काही भीती नव्हती. पण चारच वर्षांत, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० सुमारे २५ डॉलरला मिळायला लागला. आता प्रत्येक शाळेला काहीतरी ठरवणं भाग पडलं. अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्ये जाहीर केलं की सर्व इयत्तांत कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटरचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. जाहीर करणं सोपं असतं! १९८६ च्या एप्रिलमध्ये याच परिषदेचं वार्षिक अधिवेशन वॉशिंग्टनला भरलं तेव्हा बाहेर शिक्षक निदर्शनं करत होते. त्यांचा पुढारी जॉन सॅक्सन, हवाई दलातून निवृत्त झालेला, पाठ्यपुस्तकं लिहिणारा माणूस. लहान वयात कॅल्क्युलेटर दिला तर मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होईल, असा इशारा त्यांच्या फलकांवर होता. शिक्षकांच्याच अधिवेशनाबाहेर शिक्षकांचंच धरणं, तेही कशावरून, तर बटणांवरून!

त्याच १९८६ मध्ये हेंब्री आणि डेसार्ट या दोघांनी तोवर झालेले ७९ अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा निघाला. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरला तर मुलांची कागद-पेन्सिलीची गणितं बिघडत नाहीत, उलट सुधारतात. मात्र एका इयत्तेत तसं होत नाही. चौथीत. हातचे, भागाकार हे सगळं पक्कं होण्याच्या वयात नेमकं. म्हणजे सॅक्सन सगळाच चुकीचा नव्हता आणि परिषदही सगळीच बरोबर नव्हती. प्रश्न 'हवा की नको' असा नव्हताच. कुणाला, केव्हा आणि कशाच्या जोडीला, असा होता. पण फलकावर एवढं मावत नाही.

परीक्षा घेणाऱ्यांची धांदल तर बघण्यासारखी होती. बारावीच्या पातळीवरची एपी कॅल्क्युलस ही परीक्षा घ्या. १९८३ मध्ये कॅल्क्युलेटरला परवानगी दिली. दोनच वर्षांत, १९८५ मध्ये, काढून घेतली. १९९३ मध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर नुसता चालेल असं नव्हे, आणलाच पाहिजे असं झालं. १९९५ पासून आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सक्तीचा. एसएटीने १९९४ मध्ये दार उघडलं, आणि अमेरिकेत २०२४ पासून ती परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यावर गणिताच्या सगळ्या प्रश्नांना पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. मी चार वर्षांत चार ओळी बदलल्या, त्यांनी बारा वर्षांत चार नियम बदलले. म्हणजे आमची जातकुळी एकच.

शेवटी त्या परीक्षेने जो तोडगा काढला तो आजही आहे. पेपरचे भागच पाडले. एका भागात कॅल्क्युलेटर लागतो, दुसऱ्यात चालत नाही. साधं वाटतं, पण त्यासाठी कुणालातरी बसून प्रत्येक प्रश्नाला विचारावं लागलं असणार की बाबा, तू नेमकं काय तपासतोयस? आकडेमोड, की समज? खरं काम तेच होतं. कॅल्क्युलेटर आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हे त्यानंतर आपोआप ठरलं.

मध्ये विकिपीडियाचंही एक पर्व होऊन गेलं. २००७ च्या सुरुवातीला व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागाने ठरवलं की निबंधात विकिपीडियाचा दाखला द्यायचा नाही. निमित्त झालं जपानच्या इतिहासाच्या परीक्षेचं. सतराव्या शतकातल्या शिमाबाराच्या बंडाला जेझुइट पाद्र्यांनी मदत केली, असं चार-सहा मुलांनी एकसारखंच लिहिलं. तेव्हा जेझुइट तिथे तसं काही करायच्या अवस्थेतच नव्हते. शोधल्यावर चूक विकिपीडियावर सापडली. त्या विभागाने 'वाचू नका' असं म्हटलं नाही. वाचा, तिथून सुरुवात करा, पण दाखला मूळ पुस्तकाचा द्या, असं म्हटलं. आपल्याकडे गाईडचं असंच होतं नाही का? वर्गात गाईड दिसलं की बाई फेकून द्यायच्या, आणि स्टाफरूममध्ये बाईंच्या टेबलावर तेच गाईड! '२१ अपेक्षित' बद्दल तर बोलायलाच नको. प्रत्येकाच्या दप्तरात असायचं आणि कुणाचंच नसायचं.

तर, ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. जानेवारीत न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी ते आपल्या नेटवर्कवर बंद केलं. पॅरिसच्या सिआँस पो या नामांकित संस्थेने वापराल तर थेट हकालपट्टीपर्यंत जाऊ असं बजावलं. न्यूयॉर्कने मे महिन्यात बंदी मागेही घेतली. आणि मी? मी माझी कडक ओळ लिहून मोकळी झाले होते. पण नियम केला की तो मोडणारा पकडावा लागतो.

आता जे सांगणार आहे ते घरी कुणाला सांगितलेलं नाही.

एप्रिल २०२३. माझ्या वर्गात एक बाई होती, वयाने माझ्याहून थोडीशीच लहान. रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि प्रश्न विचारून मला भंडावून सोडायची. इंग्रजी तिची तिसरी भाषा. तिचा प्रकल्पाचा अहवाल आला, चार पानं. इतका नीटनेटका की मला खटकलाच. एकसारखी वाक्यं, कुठे खाडाखोड नाही, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ठरल्यासारखी. मी तो एका फुकटच्या वेबसाइटवर टाकला. उत्तर आलं, ऐंशीहून जास्त टक्के यंत्राने लिहिलेलं. मी तिला ऑफिसात बोलावलं, आणि आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून विचारलं.

ती रागावली नाही. तिने पिशवीतून वही काढली. त्यात तिच्या भाषेत लिहिलेला कच्चा खर्डा, मग पेन्सिलीने इंग्रजी, मग पुन्हा इंग्रजी. ती म्हणाली, "मॅम, मला इंग्रजी असंच शिकवलंय. चूक होऊ नये म्हणून छोटी वाक्यं लिहायची. मला दुसरं येत नाही."

मला तरी दुसरं कुठे येत होतं? त्या रात्री मी जुनी फाइल काढली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करताना लिहिलेलं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', बाबांनी तीनदा तपासलेलं. ते टाइप करून त्याच वेबसाइटवर टाकलं. मीही यंत्र निघाले!

मी माफी मागितली, पूर्ण मार्क दिले. तिने 'इट्स ओके' म्हटलं. सत्र संपेपर्यंत ती आली, पण मागच्या रांगेत बसायला लागली, आणि नंतर एकही प्रश्न विचारला नाही. एकही.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? ज्या आठवड्यात मी तिला बोलावलं त्याच्या आदल्या महिन्यात मी याच वर्गाला बेजचं प्रमेय शिकवलं होतं. दुर्मीळ रोगाची चाचणी, खोटे पॉझिटिव्ह, सगळं फळ्यावर. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच ३१ जानेवारी २०२३ ला एक शोधक काढला होता आणि त्याचे आकडे स्वतःच दिले होते: यंत्राचं लिखाण तो २६ टक्के वेळा ओळखतो, आणि माणसाचं लिखाण ९ टक्के वेळा यंत्राचं ठरवतो. मांडा फळ्यावर. १०० जणांचा वर्ग, त्यातल्या २० जणांनी यंत्राकडून लिहून घेतलंय असं धरा. वीसपैकी पाच सापडले. उरलेल्या ८० प्रामाणिकांपैकी सात अडकले. ज्या बाराजणांवर बोट ठेवलं त्यांत सात निरपराध, आणि खरे पंधरा मजेत सुटले! जुलैत कंपनीने तो शोधक गुपचूप बंद केला. टर्निटिनचा शोधक त्याच एप्रिलमध्ये आला होता. चूक एक टक्क्याहून कमी, असा त्यांचा दावा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब केला: आपल्याकडे २०२२ मध्ये ७५ हजार निबंध तपासायला गेले, त्याच्या एक टक्का म्हणजे ७५० विद्यार्थी. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ती सोय बंद करून टाकली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात शोधकांना टोफेलचे ९१ निबंध दिले, म्हणजे परभाषकांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण सरळ आहे. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज जितका सहज बांधता येतो, तितकं लिखाण यंत्राचं, असं हे शोधक मानतात. आणि मोजकेच शब्द माहीत असलेल्या माणसाच्या पुढच्या शब्दाचा अंदाज कुणालाही बांधता येतो.

शाळेतल्या सरांनी मला पकडलं होतं ते सात आकड्यांवरून. पुरावा वहीत होता, आणि शिक्षा म्हणून जे करायला लावलं त्यातूनच येतं की नाही ते कळलं. मी वेबसाइटला विचारलं.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. २०२४ ची 'वापरा, पण सांगा' ही ओळ त्या पश्चात्तापातून आली. तिचं काय झालं तेही सांगते. ज्यांनी थोडं वापरलं त्यांनी प्रामाणिकपणे लांबलचक कबुली दिली, ज्यांनी सगळंच यंत्राकडून घेतलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. पाच-सहा अहवालांचा शेवट एकाच धाटणीचा. एकात तर गोळाच न केलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढले होते. त्या मुलाला मी विचारलं, "हे स्टँडर्ड डेव्हिएशन ४.२ आलं, म्हणजे काय रे?" तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे. मुलगा वाईट नव्हता, पण माझ्या वर्गातून तो काहीच घेऊन गेला नाही, आणि माझ्या ओळीने त्याला तशी मुभा दिली होती.

इथे कॅल्क्युलेटरचा दाखला लंगडा पडतो. 'कॅल्क्युलेटरच्या वेळीही असाच आरडाओरडा झाला होता' असं म्हणणारे सहकारी दर मीटिंगला भेटतात. झाला होता, खरंय. पण कॅल्क्युलेटरला काय विचारायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि आलेल्या उत्तराचा अर्थही तुम्हालाच लावावा लागतो. तो फक्त मधलं करतो. हे नवं यंत्र प्रश्न मांडतं, सोडवतं, अर्थ लावतं आणि वर छान परिच्छेद करून देतं. माझ्या कोर्सात आकडेमोड तर आम्ही केव्हाच मशीनला देऊन टाकली आहे. शिकवायचं उरलं होतं ते अर्थ लावणंच.

तेव्हा एपी कॅल्क्युलसवाल्यांनी केलं तेच करायचं, भाग पाडायचे, असं ठरवलं. हा शोध माझा नाही. सिडनी विद्यापीठाने २०२५ पासून अशाच दोन वाटा केल्या आहेत. डोळ्यांसमोर घेतलेल्या परीक्षेत एआय बंद ठेवता येतं, बाकी सगळ्या कामात ते चालेल असंच धरायचं, कारण तिथे बंदी पाळली जाते की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडला. हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सने २०२३ मध्ये वेगळी युक्ती केली: चॅटजीपीटी बंद, पण कोर्सचं स्वतःचं एक 'बदक' दिलं. ते एआयच, पण उत्तर हातात न देता इशारे देणारं. म्हणजे ऑट्रेड आणि डेलामेन दोघांना एकाच पिंजऱ्यात घातलंय म्हणा ना! पण असं बदक पाळायला पैसे लागतात, आमच्याकडे प्रिंटरची शाई मागायला अर्ज करावा लागतो.

माझ्यापुरतं असं ठरतंय. माहिती सगळ्यांनी हाताने गोळा करायची, वर्गात. आलेख आणि आकडेमोड मशीनवर, हवं तर एआयवर, विचारणार नाही. पण 'यावरून काय दिसतं' ही दोन परिच्छेदांची गोष्ट वर्गात, कागदावर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालेल, तुमच्या भाषेत खर्डा करून मग लिहिलीत तरी चालेल. आणि त्यानंतर प्रत्येकाशी दहा मिनिटं गप्पा. वर्गात २८ जण आहेत. २८ गुणिले १० म्हणजे २८० मिनिटं, एका वर्गाचे पावणेपाच तास. माझे तीन वर्ग आहेत. शेजारच्या खोलीतली तासिका तत्त्वावरची शिक्षिका दोन कॉलेजांत मिळून पाच वर्ग घेते. तिला मी हे सुचवलं तर ती मला खिडकीतून बाहेर टाकेल, आणि तिचं बरोबरच असेल. तिने तिच्या सिलॅबसात 'एआय निषिद्ध' एवढंच लिहिलंय. मी तिला बेजचं प्रमेय ऐकवलं. ती म्हणाली, "पकडायला वेळ कुणाला आहे?"

रात्री बाबांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, त्या बाईचंसुद्धा. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या त्या अर्जातली स्वल्पविरामं मी घातली होती. ते सांगितलं होतंस का त्यांना?"

नव्हतं सांगितलं.

ओळ आत्ताच लिहून झाली. तीन वाक्यं झालीत. पहिल्यात, घरी काय वापरलंत ते मी शोधत बसणार नाही. दुसऱ्यात, वर्गात काय हाताने करायचं आणि ते का. तिसरं असं: तुमच्या कामाबद्दल शंका आली तर मी कुठल्याही यंत्राला विचारणार नाही, तुम्हाला विचारेन, आणि तुमची वही आणा म्हणेन. भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "एवढंच?"

आता तारखा तपासायच्या राहिल्यात. गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी परीक्षा लावली होती मी.